जमातप्रमुख आल्बर्ट लुथुली

(विहारातील रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे दक्षिण आफ्रिकेतील एका पुढाऱ्याचे चरित्र सांगणार आहे. त्यांचे नाव आल्बर्ट लुथुली. नेल्सन मंडेला यांचे नाव आता घरोघर ठाऊक झाले आहे. परंतु मंडेला ज्या संस्थेत वाढले त्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्षपद इ. स. १९५२ पासून १९६७ साली मृत्यू येईपर्यंत ज्यांच्याकडे होते, त्या लुथुलींविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. त्यांच्या आयुष्यात एक प्रसंग असा आला की सरकारने त्यांस समोर बसवून विचारले, तुम्ही आमचे की तुमच्या लोकांचे? या प्रश्नास त्यांनी जे उत्तर दिले त्यासाठी मी हे चरित्र निवडले आहे. बाकीच्या हकीकती त्या मानाने मी थोडक्यात सांगेन.

लुथुलींचे मोठेपण समजावयाचे तर ते ज्या राज्यात वावरले त्या राज्याची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत त्या काळी गोऱ्या लोकांची वस्ती साधारणपणे पाचांत एक. तथापि १९१३ च्या जमिनीच्या कायद्याने आफ्रिकन लोकांनी जमीन कोठे घ्यावी याच्या सीमा आखून दिल्या, आणि त्या सीमांत देशाची शेकडा ७ इतकीच भूमी आली. १९३६ साली हे प्रमाण शेकडा १३ पर्यंत नेण्याचे ठरले. उरलेल्या साऱ्या देशात आफ्रिकन मनुष्य राहावयाचा तो गोऱ्याचा मजूर म्हणून. १९४८ साली नॅशनल पक्ष अधिकारावर आला, आणि आजवर रूढीने व तुटक कायद्यांनी जे चालत होते त्यास 'अपार्टहाइड' म्हणजे वेगळेपण असे नाव देऊन त्याने ते राज्याचे धोरण बनविले. १९५० साली प्रत्येक माणसाची वंशवार नोंद करण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी कोणत्या वंशाने शहराच्या कोणत्या भागात राहावे हे ठरविणारा दुसरा कायदा झाला. १९५३ च्या कायद्याने बसावयाचे बाक, आगगाडीचे डबे, सार्वजनिक इमारतींचे दरवाजे आणि समुद्रकिनारेसुद्धा वेगळे करण्यास मोकळीक दिली. आणि अशा वेगळ्या सोयी एकसारख्या दर्जाच्या असण्याची गरज नाही हेही त्याच कायद्यात लिहून ठेवले. कायदा करणारांनी निदान ढोंग तरी केले नाही!

परंतु सर्वांत जाचक होता तो पास. १९५२ साली या पासांविषयी जो कायदा झाला त्याच्या नावातच 'पास रद्द करणे' असे शब्द होते. जुने निरनिराळे परवाने रद्द केले हे खरे. पण त्यांच्या जागी सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकन पुरुषाने एक पुस्तक सदैव अंगावर बाळगावे असा दंडक आला. त्या पुस्तकात छायाचित्र, मालकाची सही, कर भरल्याचा दाखला आणि शहरात राहण्याचा परवाना. पोलिसाने हटकले आणि पुस्तक दाखविता आले नाही तर तेथल्या तेथे अटक. पुस्तक दुसऱ्या कोटाच्या खिशात राहिले एवढ्यावरून कमावता मनुष्य रात्री घरी येत नसे, आणि तो कोठे आहे याचा शोध घेत घरची माणसे पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवीत. पुढे हा पास स्त्रियांवरही लादण्यात आला. तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया राजधानी प्रिटोरिया येथे सरकारी कचेरीवर चालून गेल्या.

अशा या देशातील नाताळ प्रांतात, उसाच्या मळ्यांच्या मुलखात, ग्राउटव्हिल नावाचे गाव आहे. लुथुलींचे घराणे तेथले. त्यांचा स्वतःचा जन्म मात्र १८९८ च्या सुमारास बुलावायो शहराजवळ, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत झाला, कारण वडील तेथील मिशनच्या कामावर होते. त्यांचे झुलू नाव म्व्हुंबी; त्याचा अर्थ संतत लागून राहिलेला पाऊस. वडील मुलाच्या अगदी लहानपणीच वारले. आई मटोन्या मुलास घेऊन ग्राउटव्हिलला परतली, आणि त्याने शिकलेच पाहिजे असा तिने ध्यास धरला. काही काळ तो चुलत्यांच्या घरी राहिला. हे चुलते, मार्टिन लुथुली, गावच्या जमातीचे प्रमुख होते. त्यांच्या बैठकीत तंटे कसे ऐकले जातात, दोन्ही बाजूंस कसे बोलू दिले जाते, हे त्या मुलाने तेथे पाहिले.

शिक्षणासाठी तो ओहलांगे येथील शाळेत दोन सत्रे राहिला. ही शाळा जॉन दुबे या आफ्रिकन गृहस्थांनी स्वतःच्या लोकांसाठी काढली होती, आणि हेच दुबे १९१२ साली काँग्रेस स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे एडनडेल येथे शिक्षकाची परीक्षा देऊन लुथुली एका लहान शाळेचे मुख्याध्यापक झाले. शाळा इतकी लहान की मुख्याध्यापक तेच, शिक्षकही तेच! नंतर अ‍ॅडम्स कॉलेजात वरचा शिक्षणक्रम पुरा केल्यावर त्यांस फोर्ट हेअर येथे विश्वविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली गेली. ती त्यांनी घेतली नाही. आईने आता कष्ट थांबवावे, घरी पगार यावा, म्हणून त्यांनी अ‍ॅडम्स कॉलेजातच नोकरी धरली. शिक्षकवर्गात आफ्रिकन असे दोघेच. त्यांपैकी दुसरे झेड. के. मॅथ्यूज. हातातली पदवी आईसाठी सोडणारा मुलगा म्हणजे काय, हे आपल्या वस्तीतील शिकलेल्या मुलांस विचारा. पुष्कळांच्या घरी ही गोष्ट घडलेली आहे.

पंधरा वर्षे त्यांनी शिकविण्याचे काम केले. आफ्रिकन शिक्षकांच्या संघटनेचे ते १९२८ साली चिटणीस आणि १९३३ साली अध्यक्ष झाले. आफ्रिकन मुलांस केवळ हातकामाचे नव्हे, गोऱ्या मुलांच्या बरोबरीचे शिक्षण मिळाले पाहिजे हे त्यांचे म्हणणे त्या काळापासूनचे. सरकारचे मत याच्या अगदी उलट होते, आणि १९५३ साली त्याने 'बंटू शिक्षणा'चा कायदा करून ते अमलात आणले. काही ठराविक मजुरीच्या पलीकडे गोऱ्यांच्या समाजात आफ्रिकनास जागा नाही, मग त्यास अधिक शिकवून काय उपयोग, असे संबंधित मंत्री फरवर्ड यांनी सभागृहात उघड सांगितले. शिक्षणबंदी कधी पोथीतून येते, कधी कायद्याच्या पुस्तकातून येते.

१९२७ साली लुथुलींचा विवाह नोकुखान्या भेंगू या शिक्षिकेशी झाला. त्यांस सात मुले झाली. या बाईंविषयी मला पुढे थोडे बोलावयाचे आहे.

१९३३ साली ग्राउटव्हिलचे वडीलधारे लोक लुथुलींकडे आले आणि त्यांनी जमातीचे प्रमुखपद स्वीकारावे अशी विनंती केली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्राउटव्हिलचे प्रमुखपद बापाकडून मुलाकडे जाणारे नव्हते. लोक निवडीत, आणि सरकारने मान्यता द्यावयाची. त्यांचे आजे व चुलते या पदावर होते तेही निवडूनच. लुथुली दोन वर्षे विचार करीत राहिले. शिक्षकाचा पगार बरा व नियमित, प्रमुखाचे वेतन त्या मानाने नाममात्र. घरात लहान मुले. अखेर १९३६ च्या आरंभी त्यांनी ते पद घेतले, आणि सुमारे ५,००० माणसांचा कारभार त्यांच्याकडे आला. तंटे तोडणे, जमिनीच्या कज्जांचा निवाडा करणे, सणसमारंभात मानाने बसणे आणि सरकारचे हुकूम लोकांस सांगणे, ही सारी कामे प्रमुखाची. त्यांनी जमातीच्या बैठकीत स्त्रियांस येऊ दिले. १९३६ च्या साखरेच्या कायद्याने लहान आफ्रिकन ऊस-शेतकऱ्यांची कोंडी झाली तेव्हा त्यांनी त्या शेतकऱ्यांचा संघ उभा करून त्यांची बाजू लढविली.

शिक्षक असताना जे त्यांस दूरून दिसत होते ते आता उंबऱ्याशी आले. जमीन तुटपुंजी, त्यामुळे पुरुष खाणीत व शहरात जात, तेथे पास नाही म्हणून पकडले जात, मागे बायका शेती करीत. कज्जे आणणारा मनुष्य मुळात दुष्ट नसे. दोन घरांस पुरणार नाही एवढ्या तुकड्यावर दोन घरे बसविली तर कज्जा होणारच. प्रमुखाने कितीही न्यायाने निवाडा केला तरी जमीन वाढत नव्हती.

१९३८ च्या अखेरीस ख्रिस्ती मिशनांच्या जागतिक परिषदेसाठी लुथुली मद्रासजवळ तांबरम येथे आले होते. म्हणजे आपल्या देशाच्या भूमीवर त्यांचे पाऊल एकदा पडले आहे. १९४८ साली ते नऊ महिने अमेरिकेत व्याख्याने देत हिंडले. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिले. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मपंडितांनी वेगळेपणास बायबलातून आधार काढून दिला होता; लुथुलींनी त्याच बायबलातून समतेचा आधार दाखविला. ज्या धर्माच्या नावाने आपणांस वेगळे काढले गेले त्याविषयी आपण ज्या निर्णयास आलो तो निराळा आहे, आणि त्याची कारणे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहेत. परंतु धर्म माणसास माणसापासून तोडण्यासाठी वापरला जात असता स्वस्थ बसणे हा अधर्म होय, या गोष्टीत लुथुलींचे व आपले मत एकच पडेल.

१९४४ साली ते काँग्रेसचे सभासद झाले. दोन वर्षांनी, दुबे यांच्या मृत्यूमुळे रिकाम्या झालेल्या जागी, ते आफ्रिकन प्रतिनिधींच्या एका सल्लागार मंडळावर निवडून गेले. मंडळ सरकारनेच नेमलेल्या चौकटीतले; त्याने सूचना कराव्यात, सरकारने त्या दप्तरात ठेवाव्यात. नेमक्या त्याच वेळी, ऑगस्ट १९४६ मध्ये, सोन्याच्या खाणींतील हजारो आफ्रिकन मजुरांनी संप केला आणि पोलिसांनी तो बळाने मोडून काढला. मजूर मारले गेले. मंडळ बसले असता त्यास त्याविषयी धड माहितीही देण्यात आली नाही. सभासदांनी निषेध करून कामकाज तहकूब केले. त्यांच्यापैकी एकाने म्हटले की आम्ही खेळातल्या टेलिफोनात बोलत आहोत. दुसऱ्या टोकास ऐकणारे कोणीच नाही, हे लुथुलींच्या मनावर तेव्हा पक्के ठसले असावे.

आता मी त्या प्रसंगाकडे येतो. २६ जून १९५२ रोजी काँग्रेसने आणि तेथील हिंदी लोकांच्या काँग्रेसने मिळून अन्यायी कायद्यांचा शांततेने भंग करण्याची मोहीम सुरू केली. गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर बसावे, गोऱ्यांच्या दरवाजाने आगगाडीच्या फलाटावर जावे, पासाशिवाय रात्री रस्त्यावर यावे, आणि अटक झाली तर निमूट जावे. त्या काही महिन्यांत ८,००० हून अधिक माणसे तुरुंगात गेली. लुथुली त्या वेळी नाताळ प्रांताच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि मोहिमेस त्यांचा उघड पाठिंबा होता. सरकारने त्यांस प्रिटोरियास बोलावून घेतले. खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले की तुम्ही सरकारचे नोकर आहात. कायदा राखणे हे प्रमुखाचे काम, आणि तुम्ही तर कायदा मोडणारांचे पुढारी. तेव्हा काँग्रेस सोडा, नाही तर प्रमुखपद सोडा. विचार करावयास त्यांस थोडी मुदत देण्यात आली.

मुदत संपल्यावर लुथुलींनी कळविले की मी दोहोंपैकी काहीही सोडीत नाही.

हे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. पद तत्काळ फेकून ते गेले असते तर लोकांनी टाळ्या वाजविल्या असत्या. पण तसे करणे म्हणजे सरकारचा हिशेब मान्य करणे होते. जो प्रमुख आहे तो लोकांच्या हक्कांसाठी लढू शकत नाही आणि जो लढतो तो प्रमुख राहू शकत नाही, हे सरकारचे गृहीत. लुथुलींच्या मते ते गृहीतच खोटे. आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे प्रमुख हा प्रथम लोकांचा सेवक, मग लोकांच्या हक्कासाठी उभे राहण्यात विसंगती कसली? मी कोणतेही पाप केलेले नाही. तुम्हांस काढावयाचे असेल तर तुम्ही काढा, आणि का काढता हे जगास दिसू द्या. १२ नोव्हेंबर १९५२ रोजी सरकारने त्यांस काढून टाकले.

त्या वेळी त्यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा की, माझ्या आयुष्याची तीस वर्षे मी बंद दारावर धीराने, सौम्यपणे, नम्रतेने टकटक करण्यात घालविली. त्या सौम्यपणाचे फळ काय? याच तीस वर्षांत आमच्या हक्कांवर सर्वांत अधिक बंधने घालणारे कायदे झाले, आणि आज आम्हांस जवळजवळ कोणताच हक्क उरलेला नाही. पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही. हेटाळणी, तुरुंग, हद्दपारी, फटके, मृत्यूसुद्धा येईल. बंधुभगिनींनो, हे शब्द कोणा अविचारी तरुणाचे नव्हेत. पन्नाशी उलटलेला, मुलाबाळांचा धनी, चर्चमध्ये प्रवचन करणारा, साऱ्या जिल्ह्यात सौम्य म्हणून नावाजलेला असा हा मनुष्य होता.

वतनाची भाकर आणि तिच्याबरोबर येणारी बेडी कशी असते हे मी तुम्हांस सांगावयास नको. वरिष्ठाच्या मर्जीने मिळालेला मान वरिष्ठाच्या मर्जीनेच जातो. गंमत अशी की मर्जी गेल्यावरही लुथुलींचा मान गेला नाही. सरकारी दप्तरातून नाव कमी झाले, आणि पुढच्याच महिन्यात काँग्रेसने त्यांस सर्व देशाचे अध्यक्ष निवडले. ग्राउटव्हिलची ५,००० माणसे हातून काढून घेतली, तर लक्षावधी आफ्रिकन त्यांस आपला प्रमुख म्हणू लागले. मरेपर्यंत लोक त्यांचा उल्लेख 'चीफ' असाच करीत राहिले.

यापुढची पंधरा वर्षे सरकारने त्यांस एका नव्या प्रकारच्या तुरुंगात ठेवले. त्यास 'बंदी' म्हणत. त्यासाठी खटला नाही, साक्षीपुरावा नाही, न्यायाधीश नाही. मंत्र्याने एका कागदावर सही केली की झाले. सभेस जावयाचे नाही, ठरवून दिलेल्या क्षेत्राबाहेर पाऊल टाकावयाचे नाही. पहिली बंदी दोन वर्षांची. ती संपताच, १९५४ साली, काळ्या लोकांस त्यांच्या वस्तीतून उठविण्याच्या विरुद्ध भाषण करण्यासाठी ते विमानाने जोहान्सबर्गला गेले, तो विमानतळावरच पोलिसांनी दुसरा हुकूम हातात ठेवला. या बंदीमुळेच, २६ जून १९५५ रोजी क्लिपटाउन येथे जमलेल्या लोकसभेने स्वातंत्र्याची सनद संमत केली तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष स्वतः तेथे नव्हते. त्या सभेत काँग्रेसचा सर्वोच्च सन्मान तिघांस देण्यात आला: लुथुली, हिंदी लोकांचे पुढारी डॉ. युसुफ दादू आणि गोरे धर्मगुरू ट्रेव्हर हडलस्टन. तिघांपैकी हजर राहू शकले ते एकटे हडलस्टन.

डिसेंबर १९५६ मध्ये पहाटेच्या वेळी घरे गाठून १५६ स्त्रीपुरुषांस राजद्रोहाच्या आरोपावरून धरण्यात आले. त्यांत आफ्रिकन, हिंदी, मिश्रवंशीय, गोरे असे सर्व होते. सरकारला हे लोक एकत्र नको होते, आणि सरकारनेच त्यांस एका बराकीत आणून बसविले! वर्षभराने लुथुलींवरील आरोप मागे घेतले गेले. आणि मार्च १९६१ मध्ये शेवटचे आरोपीही निर्दोष सुटले.

१९५८ साली प्रिटोरियात गोऱ्या श्रोत्यांपुढे ते बोलण्यास उभे असता काही गोरे तरुण व्यासपीठावर चढले आणि त्यांनी लुथुलींस खाली पाडून लाथा मारल्या. गोंधळ शमल्यावर ते उठले आणि त्यांनी आपले भाषण पुरे केले. गोऱ्या लोकांचा द्वेष त्यांनी कधीच शिकविला नाही. दक्षिण आफ्रिका तेथे राहणाऱ्या सर्वांची आहे, हे त्यांचे ब्रीद. जानेवारी १९४९ मध्ये डरबन येथे आफ्रिकन व हिंदी यांच्यात भयंकर दंगल होऊन शंभरावर माणसे मेली होती. असे असूनही नाताळातील हिंदी पुढारी डॉ. मॉन्टी नायकर यांच्याबरोबर लुथुलींनी अखेरपर्यंत काम केले. १९५९ साली या दोघांनी एका गोऱ्या पुढाऱ्यासह ब्रिटनच्या जनतेस आवाहन केले की दक्षिण आफ्रिकेचा माल घेऊ नका. आपल्या देशाने तर १९४६ सालीच त्या देशाशी व्यापार बंद केला होता.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासाविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसे ठार झाली. पुष्कळांच्या गोळ्या पाठीत लागल्या होत्या. साक्ष देण्यासाठी लुथुली त्या वेळी प्रिटोरियात होते. त्यांनी स्वतःचा पास सर्वांसमक्ष जाळला आणि लोकांस तसेच करण्यास सांगितले. त्यांस अटक झाली; आजारी असतानाही तुरुंगात पहारेकऱ्याने त्यांच्या तोंडात मारल्या. ८ एप्रिल रोजी काँग्रेस बेकायदा ठरविण्यात आली.

पुढच्या वर्षी जगाने त्यांस १९६० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर केले. आफ्रिका खंडातील मनुष्यास ते मिळण्याची ही पहिली वेळ. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने दहा दिवसांपुरती बंदी उठविली, आणि गृहमंत्री यान डी क्लर्क यांनी वर सांगितले की हे पारितोषिक गुणवत्तेवर दिलेले नाही. याच मंत्र्यांचे पुत्र एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी १९९३ साली मंडेला यांच्याबरोबर हेच पारितोषिक घेतले! लुथुली ऑस्लो नगरीत झुलू प्रमुखाच्या पारंपरिक वेषात, बिबट्याच्या दातांची माळ गळ्यात घालून गेले. जे पद सरकारने हिरावून घेतले होते त्याची वस्त्रे त्यांनी जगासमोर परिधान केली.

ते परत आले आणि दुसऱ्याच दिवशी, १६ डिसेंबर १९६१ रोजी, मंडेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापिलेल्या नव्या संघटनेने सरकारी ठिकाणी स्फोट घडविले. या मार्गास लुथुलींची कितपत संमती होती याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. ते स्वतः शांततेच्या मार्गावरून ढळले नाहीत. परंतु १२ जून १९६४ रोजी मंडेला आदी पुढाऱ्यांस जन्मठेप झाली तेव्हा त्यांनी जे निवेदन काढले त्यात या शूर व न्यायी पुरुषांस कोणी दोष देऊ शकणार नाही असे म्हटले. सरकारनेच शांततेच्या सर्व वाटा बंद केल्या, हा त्यांचा रोख. माझ्या मते या निवेदनात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. स्वतःचे व्रत पाळणे निराळे, आणि फासाच्या छायेत उभ्या असलेल्या सहकाऱ्यांस दूर लोटून स्वतःचे सोवळे मिरविणे निराळे.

आता नोकुखान्याबाईंविषयी. नवरा प्रमुख झाला, पगार घटला, नंतर तोही गेला. पुढे तुरुंग, बंदी, आजारपण. या साऱ्या वर्षांत घर चालले ते या शिक्षिकेने हातात कुदळ घेतली म्हणून. ऊस व भाजीपाला तिने पिकविला, मुले तिने शिकविली. नोबेलच्या पैशातून शेजारच्या स्वाझीलँडमध्ये शेतजमीन घेतली, ती देश सोडून जावे लागलेल्या आपल्या माणसांचा आसरा व्हावा म्हणून. आणि तेथेही दर वर्षी कित्येक महिने राहून तिनेच शेती पाहिली. पुढाऱ्यांची चरित्रे लिहिणारे लोक अशा बायकांस एका ओळीत आटोपतात. मीही दोन-चार ओळींतच आटोपले आहे. पण येथील भगिनींनी तरी हे नाव ध्यानात ठेवावे.

लुथुलींचे आत्मचरित्र १९६२ साली परदेशात प्रसिद्ध झाले. स्वदेशात त्यांचे शब्द छापणे हा गुन्हा ठरला होता. ग्लासगो विश्वविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्यांस आपले रेक्टर निवडले; त्यांस जाता आले नाही. त्याच वर्षी मार्टिन ल्युथर किंग यांनी व त्यांनी मिळून वर्णभेदाविरुद्ध जगास एक आवाहन केले. १९६६ च्या जूनमध्ये रॉबर्ट केनेडी हे त्यांस भेटण्यास ग्राउटव्हिलला आले. पण शेजारच्या शहरात जाऊन चार माणसांत बसणे त्यांस मना होते.

२१ जुलै १९६७ रोजी, घराजवळच्या उम्व्होटी नदीवरील रेल्वेपुलावर, मालगाडीचा धक्का लागून ते मृत्यू पावले, असे सरकारने जाहीर केले. चौकशी झाली, अपघात असा शेरा पडला. त्यांस ऐकू कमी येत होते, दिसत कमी होते, अशी कारणे देण्यात आली. ज्या पुलावरून ते नेहमी जात, ज्या गाड्यांच्या वेळा त्यांस पाठ होत्या, तेथे असे कसे घडले, हे घरच्यांनी तेव्हाच विचारले. आणि अपघाताची गोष्ट त्यांनी कधीच मानली नाही.

२७ एप्रिल १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेत सर्व वंशांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. मंडेला यांनी आपले मत टाकण्यासाठी जागा निवडली ती ओहलांगे. जेथे लुथुली लहानपणी शिकले, तीच दुबे यांची शाळा. नोकुखान्याबाई १९९६ च्या डिसेंबरात वारल्या. चौकशीचे जुने कागद मात्र तसेच राहिले, अपघाताच्या शेऱ्यासह. अखेर २०२५ साली पीटरमॅरिट्झबर्गच्या उच्च न्यायालयात ती चौकशी पुन्हा उघडण्यात आली. साक्षी झाल्या, तज्ज्ञांनी जुने पुरावे तपासले, आणि ३० ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला: आल्बर्ट लुथुली यांचा मृत्यू गाडीच्या धक्क्याने झाला नाही, मारहाणीत कवटी फुटून झाला, आणि त्यास त्या काळच्या पोलिसांची गुप्त शाखा, रेल्वेच्या नोकरांच्या संगनमताने, जबाबदार आहे. अपघाताचा शेरा ५८ वर्षांनी रद्द झाला. निकाल ऐकण्यास लुथुलींच्या घरातील माणसे होती. ज्यांच्यावर ठपका आला त्यांच्यापैकी कोणास आता शिक्षा होईल असे दिसत नाही.